मंगलाबाईंचे तेल

"पोट राहू द्या, मावशी. पाठच घ्या आज पुन्हा."

पल्लवीने कमरेवरची चादर दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवली होती. मंगलाबाईंचा तेलाने माखलेला हात तिच्या बरगडीपाशी येऊन थांबला. बाळंतपणाला चाळीस दिवस होऊन गेले होते. या मुलीने तळपायांपासून मानेपर्यंत सारा देह त्यांच्या स्वाधीन केला होता. पोट मात्र एकदाही नाही. आरंभी त्यांना वाटले, दुखत असेल. पुढे वाटले, लाजत असेल. पोटावरची पट्टीसुद्धा ती पाठमोरी होऊन स्वतःच बांधून घेत असे.

स्वयंपाकघरातून तिच्या सासूबाईंचा, निर्मलाबाईंचा आवाज आला. "मंगलाबाई, पोटाला हात सैल नको हो! रविवारी मराठी मंडळातल्या सगळ्या येणार आहेत. आमच्या सुनेचं पोट कोऱ्या कागदासारखं राहिलंय म्हणून सांगून ठेवलंय मी सुचित्राला."

"बघायला येणार आहेत की काय त्या?" मंगलाबाई म्हणाल्या.

"बघायला बाळ, हो! तुमचं आपलं काहीतरीच."

हाजरा रस्त्यापासून चार पावलांवर, भवानीपूरच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे हे घर. निर्मलाबाई आणि त्यांचे यजमान चंद्रकांत, दोघांचाही जन्म कोलकात्यातलाच. पल्लवी मूळची नाशिकची. सॉल्ट लेकमधल्या कंपनीत नोकरीला आली आणि त्यांच्या निखिलशी लग्न होऊन इथलीच झाली. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, परंतु तिच्या आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया नेमकी त्याच महिन्यात ठरली, आणि म्हणून मंगलाबाईंचे पाऊल मालिशीसाठी या घरात चौतीस वर्षांनी पुन्हा पडले. चौतीस वर्षांपूर्वी याच खोलीत, याच खिडकीखाली, निर्मलाबाई निजलेल्या होत्या आणि पाळण्यात निखिल होता.

पाळण्यात आता शर्वरी होती. ती एकाएकी किंचाळली, तशी पल्लवी दचकून उठली आणि चादर गळून पडली.

मंगलाबाईंनी पाहिले. बेंबीपासून दोन्ही कुशींपर्यंत जांभळट तांबड्या रेघा उतरल्या होत्या. भरती ओसरल्यावर गंगेच्या काठच्या गाळावर उमटतात, तशा. त्यांचे त्यांना काहीच वाटले नाही. अशी शेकडो पोटे त्यांच्या हातांखालून गेली होती. त्यांची नजर अडली ती खाली, जांघेच्या वळणात. तिथे बोटभर रुंदीचे ताजे लाल पट्टे होते. जिथे बाळाचा ताण पोहोचतच नाही, तिथे हे कुठून आले? आणि कातडी अशी चकचकीत, अशी पातळ का, की आतल्या केसासारख्या शिरा मोजाव्यात?

त्यांनी बाळ उचलून पल्लवीच्या मांडीवर दिले, दार लोटले आणि हळू आवाजात विचारले, "काय लावतेस तू?"

"तुमचंच तेल."

"माझ्या तेलानं कातडीचा कांद्याचा पापुद्रा होत नाही, पोरी. दाखव."

पल्लवीने बाळाला छातीशी धरले. मग तिने हात लांब करून डायपरच्या गठ्ठ्यामागून एक अर्धवट पिळलेली ट्यूब काढली. "कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडची. डाग जातात म्हणाला. आठव्या महिन्यापासून लावतेय. आधी दुसरं होतं, त्यानं काही फरक पडेना, तर म्हणाला हे घ्या, हे जास्त जोरदार आहे."

"डॉक्टरला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

"निखिलला?"

"त्याच्यासमोर मी दिवा लावून कपडेसुद्धा बदलत नाही, मावशी."

"अगं, पण रेघा काय, येतातच बायकांना..."

"आईंना नाही आल्या!" पल्लवी दबक्या आवाजात, पण कळवळून म्हणाली. "एकही नाही. डोहाळजेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं त्यांनी, आणि तुमच्या तेलाची बाटली माझ्या ओटीत घातली. त्या दिवसापासून लावलं मी. सकाळ-संध्याकाळ. ऑफिसच्या दौऱ्यावरसुद्धा नेलं. तरी आल्या. म्हणजे तेलाचा दोष नाही, दोष माझा. हो ना?"

उत्तर मंगलाबाईंच्या ओठांशी आले होते. परंतु ते बाहेर पडेना. कारण त्याच्यावर चौतीस वर्षांचे झाकण होते.

"माझ्या पोटाचं आईंना सांगू नका," पल्लवी म्हणाली. "एकसुद्धा रेघ नाही असं सांगून बसलेय मी त्यांना."

---

तेल साधेच होते. मंगलाबाईंच्या सासूबाईंनी साताऱ्याकडून ते आणले, म्हणजे ते करण्याची रीत आणली. बडाबाजारातल्या घाण्यावरचे तिळाचे तेल लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवायचे. त्यात हळकुंड, ज्येष्ठमध, मंजिष्ठ आणि मूठभर कडुलिंबाची पाने. फेस बसला की उतरवायचे, आणि तीन दिवस न हलवता झाकून ठेवायचे. कोलकात्यातल्या मराठी घरांत, जिथे शेजारच्या बंगाली बायका मोहरीच्या तेलाचा आग्रह धरीत, तिथे हे तेल म्हणजे जणू गावाकडून आलेले पाहुणेच होते. त्याने थकलेले स्नायू सैल होत, खाज शमे, बाळंतिणीला झोप लागे. यापलीकडे त्या तेलाने कधी काही केले नव्हते आणि मंगलाबाईंनी स्वतःच्या तोंडाने तसे कधी म्हटलेही नव्हते.

म्हटले होते ते निर्मलाबाईंनी. निखिल झाल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी बायका जमल्या होत्या. बोलता बोलता कुणीतरी बाळंतपणाच्या खुणांची कुरकुर केली, आणि निर्मलाबाई सहज म्हणून गेल्या, "मला नाही बाई एकही. मंगलाबाईंच्या तेलानं सगळ्या गेल्या." मंगलाबाई तिथेच दाराशी तिळगुळाचे ताट घेऊन उभ्या होत्या. चाळीस दिवस त्यांनी त्या पोटाला तेल लावले होते. कुठली रेघ कुठून निघते, कुठे दुभंगते आणि कुठे विरते, हे त्यांना डोळे मिटून सांगता आले असते. त्यांनी निर्मलाबाईंकडे पाहिले. निर्मलाबाईंनीही त्यांच्याकडे पाहिले, आणि हसून म्हटले, "हो ना, मंगलाबाई?"

निर्मलाबाईंच्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. गोऱ्या, नितळ सुनेचे कौतुक करणाऱ्या आणि त्याहून तिच्यावर बारीक नजर ठेवणाऱ्या. मंगलाबाईंनी मान हलवली. झाले एवढेच.

त्या एका होकारावर तेलाची कीर्ती उभी राहिली. सातवा महिना लागला की घरोघरीहून बोलावणे येऊ लागले. लग्न होऊन परदेशी गेलेल्या मुलींच्या सामानात बाटल्या जाऊ लागल्या. खिदिरपूरच्या गोदीत क्रेनवर काम करणाऱ्या गुरुदत्त खलाशाची बायको म्हणून ज्या मंगलाबाईंना कुणी ओळखत नव्हते, त्यांना गणेशोत्सवात पहिल्या रांगेत पाट मिळू लागला. त्या मानाचा मंगलाबाईंना मोह नव्हता, असे म्हणणे खोटे होईल. शिवाय त्यांचा एक नेम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता: एका बाईच्या देहाची गोष्ट दुसरीच्या कानावर घालायची नाही. या नेमाच्या आडोशाला त्यांचे मौन निश्चिंत बसले होते.

या रेषांना आपल्या प्राचीन वैद्यकाने किक्किस असे नाव दिले आहे. सातव्या मासाच्या सुमारास गर्भिणीच्या उदरावर कंड सुटते. गर्भाला केस फुटतात म्हणून ती सुटते, असे त्या काळच्या स्त्रिया म्हणत. आचार्यांनी ते नम्रपणे अमान्य केले. वाढत्या गर्भाच्या दाबाने ती सुटते आणि तिच्यातूनच या रेषा संभवतात, असे सांगितले. खाजवू नये, असह्य झाल्यास हलक्या हाताने मर्दन करावे, हा त्यांचा उपदेश. हजारो वर्षांपूर्वी कुणा पुरुषाने स्त्रीच्या पोटावरच्या एका रेघेचा इतक्या आस्थेने विचार करावा, ही लहान गोष्ट नव्हे. मंगलाबाईंना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु हलक्या हाताचे मर्म त्यांना उमगलेले होते.

---

बुधवारी शर्वरीची दीड महिन्याची लस होती. "आजीनं जाऊ नये लशीला," निर्मलाबाई म्हणाल्या, "मला तिचं रडणं बघवत नाही. मंगलाबाई, तुम्हीच जा बरोबर." मंगलाबाईंना हेच हवे होते. लस टोचून बाळ रडून रडून निजले, तेव्हा त्यांनी ते खांद्यावर घेतले आणि खाली जाण्याऐवजी एक जिना वर चढल्या. पाटी बंगाली आणि इंग्रजीत होती. बंगाली त्यांना अक्षरे जुळवून वाचता येई.

"मावशी, इथं कुठं?"

"कातडीच्या डॉक्टरीण आहेत. ट्यूब पिशवीत टाकलीय मी. चल."

डॉक्टर मधुवंती सेन पन्नाशीच्या होत्या. पल्लवीशी हिंदीत बोलत आणि मध्येच मंगलाबाईंकडे वळून बंगालीत. त्यांनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली आणि टेबलावर ठेवली, पण इतक्या हळू की त्या हळूपणातच त्यांचा राग कळावा.

"हे स्टेरॉइड आहे. कातडी पातळ करतं. रेघा घालवत नाही, नव्या आणतं. जांघेतल्या या आहेत ना, या बाळाच्या नाहीत. या ट्यूबच्या आहेत. बाळ पोटावर झोपतं तुझ्या?"

"हो."

"मग आजपासून बंद. पुन्हा हात लावायचा नाही. कातडी लाल होईल, चुरचुरेल, तर मला फोन कर, दुकानदाराला नको."

"आणि बाकीच्या? वरच्या?"

"त्या बाळाच्या. कातडीच्या आतल्या थरात धागे असतात. पोट भराभर वाढतं, धागे ताणले जाऊन तुटतात. आपल्याला दिसते ती आतली फाट. वरून काय चोळणार तिथं? तुझ्या आईला आहेत?"

पल्लवी गोंधळली. "माहीत नाही. कधी विचारलं नाही."

"विचार. बहुधा आईकडून येतात. कुणाला येतात, कुणाला नाही. त्यात तुझी हुशारी नाही आणि चूकही नाही. आता लाल आहेत म्हणून डोळ्यांत भरतात. वर्षभरात पांढुरक्या होतील. तिचं दूध सुटलं की ये. तेव्हा वाटलंच तर लेसर आहे, एक-दोन मलमं आहेत, फिक्या करता येतात. पुसता येत नाहीत. पुसून देतो असं जो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नकोस."

"आणि तेल?" पल्लवीने विचारले.

डॉक्टरांनी मंगलाबाईंच्या हातांकडे पाहिले. हळदीने पिवळी पडलेली नखे, अंगठ्याच्या बुडाशी आलेला घट्टा. "तुम्ही लावता, मावशी? लावा की. खाज कमी होते, अंग हलकं होतं. पण रेघा त्यानं जात नाहीत. आपनि तो जानेन."

"जानि," ठाऊक असल्याची कबुली देत मंगलाबाई म्हणाल्या.

टॅक्सीने हाजराचा सिग्नल ओलांडला, तशी पल्लवीने काच खाली केली. मग खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"तरी बाटल्या दिल्यात."

"दिल्या."

"आणि आईंना नाहीत ते कसं मग?"

मंगलाबाईंनी झोपलेल्या बाळाची टोपी नीट केली. "एका बाईच्या अंगाची गोष्ट मी दुसरीला सांगत नाही. तुझी तरी कुठं सांगितली?"

"म्हणजे खरंच नाहीत त्यांना." पल्लवीचा आवाज कोरडा झाला. "डॉक्टर काय, पुस्तकातलं सांगणार. पार्क स्ट्रीटला एक क्लिनिक आहे, तीन खेपांत पूर्ण पुसून देतात. ऑफिसातली एक जण सांगत होती. शनिवारची वेळ घेते मी."

"अगं, डॉक्टरीण आत्ता काय म्हणाल्या? असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नको म्हणून..."

"एका बाईच्या जाऊ शकतात, तर माझ्याही जातील," पल्लवी म्हणाली.

---

रात्र मंगलाबाईंना नेहमीप्रमाणेच झोप देऊन गेली. तेल लावणाऱ्या बाईचे हात दिवसभर इतके राबतात की काळजीलाही जागे राहता येत नाही. सकाळी मात्र कढई घासताना त्यांच्या ध्यानात आले की आपला नेम आपण आजवर ज्यांच्यासाठी पाळला असे समजत होतो, त्यांत निर्मलाबाईंपेक्षा आपणच अधिक होतो.

गुरुवारी त्या गेल्या, तेव्हा निर्मलाबाई उत्साहात होत्या. डिंकाच्या लाडवांचे ताट घेऊन त्या बाळंतिणीच्या खोलीतच आल्या. पल्लवी सतरंजीवर कुशीला वळलेली, चादर गळ्यापर्यंत.

"मंगलाबाई, एक ठरवलंय मी. रविवारी सगळ्यांना वाण काय द्यायचं, तर तुमच्या तेलाच्या बाटल्या! सहा तर तुम्ही आणल्याच आहात, अजून तीन-चार लागतील. वर चिठ्ठी लावायची. 'दोन पिढ्यांचा अनुभव' असं लिहून देतायत हे. त्यांचं अक्षर चांगलं आहे ना!"

"नको, वहिनी."

"का? एवढ्या लवकर होणार नाहीत?"

"तेलानं रेघा जात नाहीत म्हणून."

निर्मलाबाई हसल्या. "अहो, असं काय करता? माझ्या नाही का..."

आणि त्या थांबल्या. मंगलाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्या दृष्टीत धाक नव्हता, आरोप नव्हता. संक्रांतीच्या त्या दिवशी ताट हातात घेऊन जशी त्यांनी वाट पाहिली होती, तशीच त्या आताही पाहत होत्या. निर्मलाबाईंनी नजर ताटातल्या लाडवांकडे वळवली.

तेव्हा मंगलाबाई उठल्या. हात फडक्याला पुसले. लुगड्याच्या निऱ्या त्यांनी थोड्या खाली सारल्या, पदर बाजूला केला आणि पल्लवीसमोर खिडकीच्या उजेडात उभ्या राहिल्या.

"हे बघ."

चौसष्ट वर्षांचे ते पोट ओघळलेले होते, आणि बेंबीपासून दोन्ही कुशींकडे त्यावर रेघाच रेघा होत्या. रंग उरलेला नव्हता. उजेड तिरपा पडला तेव्हा त्या जरीच्या तारांसारख्या लकाकल्या. मंगलाबाई जराशा हलल्या तशा दिसेनाशा झाल्या.

"बेचाळीस वर्षं झाली," मंगलाबाई म्हणाल्या. "हेच तेल. सासूबाईंनी स्वतः चोळलं, तीन महिने. तेल करणारीच्या घरात राहून मला आल्या आणि राहिल्या. पहिल्या वर्षी तुझ्यासारख्याच लाल होत्या. हात लावून बघ. लाव की, मी नाही का तुला लावत?"

पल्लवीने बोटे पुढे केली. कातडी मऊ होती; रेघांच्या जागी किंचित खोलगट.

"दुखतं?"

"छे."

चादर तिच्या खांद्यावरून घसरली होती आणि ती सावरायचे भान तिला राहिले नव्हते. तिच्या बाजूला उभ्या असलेल्या निर्मलाबाईंना सुनेचे पोट प्रथमच दिसत होते. त्या ताट धरून तशाच उभ्या होत्या.

"आणि तुमचं बाळ?" पल्लवीने विचारले. "ते कुठं असतं आता?"

"मुलगा होता. अकरा महिन्यांचा होऊन गेला." मंगलाबाईंनी पदर सारखा केला, निऱ्या वर ओढल्या आणि पुन्हा खाली बसून वाटीतले तेल तळहातावर घेतले. "उताणी हो. आज पोट घेऊ दे मला. जांघेला नाही लावणार, तिथं डॉक्टरीण सांगेल तेच."

पल्लवी उताणी झाली. मंगलाबाईंचा हात पहिल्यांदा तिच्या बेंबीभोवती फिरला. इतका हलका, की पाण्यावरून पान जावे. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली, तेव्हा निर्मलाबाई खोलीत नव्हत्या. ताट उंबऱ्याशी खाली ठेवलेले होते आणि त्यातला एकही लाडू उचललेला नव्हता.

निघताना मंगलाबाईंनी "येते वहिनी" म्हटले. आत भांडी घासण्याचा आवाज चालूच होता.

---

शुक्रवारी आणि शनिवारी निर्मलाबाईंनी दार उघडले, गरम पाणी काढून दिले, पट्टीसाठी धुतलेले जुने नऊवारी आणून ठेवले, बोलल्या कामापुरत्याच. बाटल्यांचा विषय निघाला नाही. पल्लवी शनिवारी पार्क स्ट्रीटला गेली नाही. तिने नाशिकला आईला फोन लावला होता. "आईला मांड्यांवरसुद्धा आहेत," असे तिने मालीश चालू असताना सांगितले, आणि त्या आठवड्यात प्रथमच हसली. "म्हणाली, तुला कशाला दाखवू, तुझ्याच तर आहेत."

रविवारी मालिशीची सांगता होती. दुपारी चारला मंडळातल्या आठ-नऊ जणी जमल्या. बाळाचे कौतुक झाले, नाक कुणाचे आणि कान कुणाचे हे वाटून झाले. मंगलाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बाळाला घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांची पिशवी होती. पिशवीत त्या सहा बाटल्या होत्या, परत न्यायच्या.

सुचित्राबाईंनी शेवटी विषय काढलाच. त्यांच्या लेकीला, श्रुतीला सातवा लागला होता. "निर्मला, ते वाणाचं काय म्हणत होतीस तू फोनवर? तेल देणार होतीस ना? आमच्या श्रुतीला तर आधी हवं बाई. तुझ्यासारखं पोट राहायला पाहिजे तिचं."

निर्मलाबाई चहाचे कप लावत होत्या. एक कप त्यांनी बशीवर ठेवला, दुसरा ठेवला.

"तेलानं पाठ छान मोकळी होते, सुचित्रा," त्या म्हणाल्या. "रेघा जात नाहीत. माझ्याही नाही गेल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे आहेत. तेव्हापासून आहेत. मी खोटं सांगत होते आणि मंगलाबाईंनी ते झाकून धरलं."

पल्लवी मान वर करून सासूकडे पाहत होती. निर्मलाबाईंचे गोरे गाल कानांपर्यंत लाल झाले होते, परंतु त्यांनी कपांची रांग पुरी केली.

"अगं भवाने!" सुचित्राबाई मोठ्याने म्हणाल्या. "मग मी पंचवीस वर्षं कशाला लपवत फिरले? दिघ्याच्या समुद्रावर सगळ्या जणी पाण्यात आणि मी काठावर चपला सांभाळत! थंडी वाजते म्हणून सांगत होते. मे महिन्यात!"

हसण्याला एकदा तोंड फुटल्यावर ते आवरेना. मंगलाबाईही पदराआड हसल्या. मात्र हसणे ओसरल्यावर श्रुतीने आईला हळूच विचारले, "मग तेल नको ना आता?" आणि सुचित्राबाई म्हणाल्या, "नको. मालिशीचं बघू पुढं." ते बोलणे मंगलाबाईंच्या कानावर आले. ते येणार हे त्यांनी गुरुवारीच गृहीत धरले होते.

मग ओट्या भरायला सुरुवात झाली. पल्लवीची, श्रुतीची, सुचित्राबाईंची. गुरुदत्त गेल्याला एकोणीस वर्षे झाली होती. तेव्हापासून सांगतेच्या दिवशी मंगलाबाईंना प्रत्येक घरी साडी मिळे. ती हातात मिळे. कुणाचा त्यात अनादर नव्हता, आणि त्यांनीही वाईट वाटून घेतले नव्हते. म्हणून निर्मलाबाई ताट घेऊन समोर आल्या, तेव्हा त्यांनी बाळ एका हातावर घेतले आणि दुसरा हात पुढे केला.

"हात नको. पदर."

"वहिनी, मी..."

"ठाऊक आहे मला. बाळ द्या तिच्याकडे आणि पदर करा पुढे."

पल्लवीने बाळ घेतले. खोलीतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले, पण कुणी काही बोलले नाही. मंगलाबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरून उभ्या राहिल्या. निर्मलाबाईंनी खण ठेवला, नारळ ठेवला, हळकुंड, सुपारी. मग ओंजळीने तांदूळ घातले. थोडे तांदूळ खाली सांडले. तांदळांचा भार मंगलाबाईंच्या पोटाशी आला.

"येत जा," निर्मलाबाई म्हणाल्या. "माझेही गुडघे धरतात हल्ली."

खिदिरपूरच्या बसमध्ये मंगलाबाईंना खिडकीशी जागा मिळाली. पायांशी पिशवीतल्या बाटल्या प्रत्येक खड्ड्याला एकमेकींवर आपटत होत्या. पदराची गाठ त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती आणि उतरेपर्यंत सोडली नाही.

घरी आल्यावर त्यांनी बाटल्या कढईमागच्या फळीवर ओळीने ठेवल्या. मग स्टोव्ह पेटवला. ओटीचे तांदूळ जिची ओटी तिनेच खायचे असतात. त्यांनी ते ताटात निवडले, दोनदा धुतले, आणि पातेल्यात एका माणसापुरते पाणी घातले.